मुक्या जिवांची बातमी

माणसावर अन्याय झाला तर तो ओरडतो, साक्ष देतो, वर्तमानपत्रांत कांहीं चुकीचें छापून आलें तर संपादकांस पत्र लिहून तें दुरुस्तहि करून घेतो. मुक्या जनावराला यांतलें कांहींच साधत नाहीं. त्याची कैफियत दुसऱ्या कोणी तरी मांडावी लागते, तिसऱ्या कोणी तरी ती छापावी लागते, आणि ज्यांनीं तें जनावर कधीं डोळ्यांनीं पाहिलेंहि नाहीं असे हजारों लोक ती वाचून आपलें मत ठरवितात. तेव्हां प्राणिदयेचा इतिहास जितका संतांचा व कायदेपंडितांचा, तितकाच तो छापखान्याचाहि आहे. गेल्या सव्वादोनशें वर्षांतील कांहीं प्रसंग घेऊन, या छापखान्यानें लोकमताला कोणतें वळण लावलें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

एक गोष्ट आरंभींच स्पष्ट केली पाहिजे. दया ही कांहीं वर्तमानपत्रांनीं शिकविलेली नाहीं. आपल्या मुंबईचेंच उदाहरण पाहा. १८३२ सालीं कंपनी सरकारच्या अंमलांत शहरांतील भटक्या कुत्र्यांचा नायनाट करण्याची मोहीम निघाली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे इनाम होतें. साहजिकच इनामाच्या लोभानें मोकाट आणि पाळीव हा भेद राहिला नाहीं. ६ जून या दिवशीं, जो पारशी समाजाचा पवित्र दिवस होता, कोटांत दंगा उसळला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं, आणि त्या बंदांत पारशांबरोबर हिंदु, जैन व इस्मायली व्यापारीहि सामील झाले. पुढें दोन वर्षांनीं, १८३४ त, मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. मराठींतील पहिलें वर्तमानपत्र ‘दर्पण’ हें १८३२ च्याच ६ जानेवारीस निघालेलें. म्हणजे मुंबईकरांनीं कुत्र्यांसाठीं दुकानें बंद केलीं तेव्हां आपल्या वृत्तपत्रसृष्टीला उणेंपुरें पांच महिन्यांचें वय होतें. त्या दयेचें मूळ धर्मांत व रूढींत होतें, छापील कागदांत नव्हतें.

परंतु या दयेला एक मर्यादा होती. कुत्रीं डोळ्यांसमोर मारलीं गेलीं म्हणून लोक उठले. जें डोळ्यांआड घडतें, बंद दारामागें किंवा साता समुद्रांपलीकडे घडतें, तेथें रूढीची दया पोंचत नाहीं. तेथें बातमीच पोंचते. मात्र ती पोंचतांना काय निवडते आणि काय टाकते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम इंग्लंडकडे वळूं. तेथें बैलाला खुंट्याला बांधून त्याच्यावर कुत्रीं सोडण्याचा खेळ शेंकडों वर्षें चालत आला होता. १८०० सालीं सर विल्यम पुल्टनी यांनीं तो बंद करण्याचें बिल पार्लमेंटपुढें आणलें. विल्यम विंडहॅम यांनीं त्याला कडाडून विरोध केला. श्रीमंतांच्या शिकारीला हात न लावतां गरिबांचीच करमणूक तेवढी कां हिरावून घेतां, असा त्यांचा सवाल होता. ४१ विरुद्ध ४३, म्हणजे अवघ्या दोन मतांनीं, बिल पडलें. आणि लंडनच्या ‘टाइम्स’नें काय केलें? त्यानें या पराभवाचें स्वागत केलें. मनुष्य आपला वेळ व आपली मालमत्ता कशी वापरतो यांत कायद्यानें ढवळाढवळ करणें हा जुलूम होय, असा त्या पत्राचा सूर होता. त्या काळच्या सुशिक्षित वाचकाला जनावराची बाजू घेणें हास्यास्पद वाटत असे, आणि त्या हंशाला वर्तमानपत्रांची साथ होती.

पुढें आयर्लंडमधील गॉलवे येथील सभासद रिचर्ड मार्टिन यांनीं तें काम हातीं घेतलें. १८२१ सालीं घोड्यांना संरक्षण देण्याची चर्चा चालू असतां गाढवांचाहि समावेश करावा अशी सूचना येतांच सभागृहांत हंशा पिकला. आतां हे गृहस्थ कुत्र्यांसाठींहि कायदा मागतील, असें एकानें म्हणतांच दुसरा ‘मांजरांसाठींहि!’ म्हणून ओरडला. हा सगळा हंशा वृत्तांतांतून छापला गेला. तरीहि १८२२ च्या जुलैंत मार्टिन यांचा कायदा मंजूर झाला. घोडा, खेंचर, गाढव, गाय, मेंढी अशा जनावरांस क्रूरपणें वागविणारास कमींत कमी दहा शिलिंग व जास्तींत जास्त पांच पौंड दंड ठरला. कुत्रीं व मांजरें त्यांत नव्हतीं.

कायदा झाला, पण तो लोकांच्या अंगवळणीं पाडणें बाकी होतें. मार्टिन स्वतः रस्त्यावर उभे राहून गाडीवानांना पकडीत, मॅजिस्ट्रेटपुढें नेत. बिल बर्न्स नांवाच्या फेरीवाल्याच्या खटल्यांत त्यांनीं मार खाल्लेलें गाढवच न्यायालयांत साक्षीला आणून उभें केलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिचें चित्र निघालें, थट्टा झाली, व्यंगचित्रकारांना मार्टिन म्हणजे आयतें गिऱ्हाईक मिळालें. या थट्टेचा परिणाम मात्र थट्टा करणारांच्या अपेक्षेहून वेगळा झाला. ज्या घरांत कायद्याचें नांवहि गेलें नसतें तेथें तें चित्राबरोबर गेलें. गाढवाला मारणें हा गुन्हा आहे ही गोष्ट लोकांनीं हंसत हंसत कां होईना, पण ऐकली.

१८२४ च्या जूनमध्यें लंडनच्या एका कॉफीगृहांत प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. तिचे पहिले चिटणीस पाद्री आर्थर ब्रूम यांना मंडळीच्या कर्जापायीं १८२६ सालीं तुरुंगवास भोगावा लागला, इतकी तिची सुरवात हलाखीची होती. पुढें १८३५ च्या कायद्यानें बैलांची ती झोंबी बंद झाली व कुत्र्यांनाहि संरक्षण मिळालें. १८४० त या मंडळीला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. ज्या गोष्टीला १८०० सालीं हंसत, तीच चाळीस वर्षांत प्रतिष्ठितपणाची खूण झाली.

पण या यशाला एक डाग होता, आणि तो त्याच काळांतल्या एका चतुर लेखकानें दाखविला होता. पाद्री सिडनी स्मिथ यांनीं १८०९ सालीं ‘एडिंबरो रिव्ह्यू’ त्रैमासिकांत दुर्गुणनिवारणाचा विडा उचललेल्या एका मंडळीची अशी खिल्ली उडविली कीं, वर्षाला पांचशें पौंडांहून कमी प्राप्ति असलेल्यांचेच दुर्गुण निवारणारी मंडळी असें नांव तिनें घ्यावें. गाढव बडविणारा फेरीवाला रस्त्यावर असतो. बातमीदार त्याला पाहूं शकतो, पोलीस त्याला पकडूं शकतो. सरदारांची कोल्ह्याची शिकार त्यांच्या रानांत होते. तेथें पोलीस जात नाहीं, आणि बातमीदार गेलाच तर पाहुणा म्हणून जातो. क्रौर्याच्या बातम्यांत गरीब मनुष्य वारंवार दिसूं लागला, म्हणून क्रौर्य हा गरिबांचाच अवगुण आहे असा समज दृढ झाला. विंडहॅम यांचा हेतु कांहींहि असो, त्यांचा सवाल अगदींच पोकळ नव्हता.

आतां दुसरा प्रसंग पाहूं. १९०३ सालच्या फेब्रुवारींत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्यें शरीरशास्त्राचे अध्यापक विल्यम बेलिस यांनीं विद्यार्थ्यांपुढें एका तपकिरी कुत्र्यावर शस्त्रप्रयोग करून दाखविला. श्रोत्यांत लिझी लिंड आफ हागेबी व लीसा शार्टाउ या दोन स्वीडिश स्त्रिया होत्या. त्यांनीं आपली दैनंदिनी लिहून ठेवली होती. कुत्र्याला पुरती भूल दिलेली नव्हती आणि तो धडपडत होता, असें त्यांचें म्हणणें. सजीव विच्छेदनाविरुद्ध चळवळ करणारे स्टीफन कोलरिज यांनीं मे महिन्याच्या पहिल्या तारखेस भर सभेंत तें जाहीर केलें, आणि दुसऱ्या दिवशीं ‘डेली न्यूज’नें त्यांचें भाषण छापलें. बेलिस यांनीं अब्रूनुकसानीचा दावा लावला.

खटला नोव्हेंबरमध्यें चालला. कुत्र्याला भूल दिली होती, असें बेलिस यांच्या बाजूनें सांगण्यांत आलें. त्यांचे सहकारी अर्नेस्ट स्टार्लिंग यांना मात्र कबूल करावें लागलें कीं, १८७६ च्या कायद्याविरुद्ध एकाच कुत्र्याचा दोन वेळां उपयोग केला गेला होता. ज्यूरीनें पंचवीस मिनिटें घेऊन बेलिस यांच्या बाजूनें निकाल दिला; कोलरिज यांस दोन हजार पौंड नुकसानभरपाई व तीन हजार पौंड खर्च भरण्याचा हुकूम झाला. ‘टाइम्स’नें निकालाचें समाधान मानलें. ‘डेली न्यूज’नें वाचकांकडे मदत मागितली आणि चार महिन्यांत ५,७३५ पौंड जमविले. दोन वर्तमानपत्रांचे वाचक एकाच कुत्र्याच्या दोन निरनिराळ्या कथा वाचीत होते. एकीच्या मतें तो ज्ञानासाठीं वेदनेविना मेला होता, आणि दुसरीच्या मतें कायद्याच्या डोळ्यांदेखत त्याचे हाल झाले होते.

यापुढील हकीकत अधिक बोधप्रद आहे. १९०६ च्या सप्टेंबरमध्यें बॅटरसी या कामकरी लोकांच्या वस्तींत त्या कुत्र्याचें ब्राँझचें स्मारक उभें राहिलें. त्यावर माणसांस पिण्याच्या पाण्याची व खालीं जनावरांसाठीं हौदाची सोय होती. आणि त्याच प्रयोगशाळेंत १९०२ सालीं २३२ कुत्र्यांवर प्रयोग झाल्याचा आरोप त्यावरील लेखांत कोरला होता. वैद्यकीय विद्यार्थी चिडले. १९०७ च्या १० डिसेंबरला सुमारें एक हजार विद्यार्थी लंडनच्या रस्त्यांवर उतरले व ट्रॅफल्गार चौकांत पोलिसांशीं त्यांची चकमक झाली. स्मारकावर अहोरात्र पहारा बसला. पहाऱ्याचा खर्च कोणी द्यावयाचा यावर वाद झाला, आणि शेवटीं १९१० च्या मार्चमध्यें उजाडण्यापूर्वी १२० पोलिसांच्या बंदोबस्तांत नगरपालिकेनेंच तें स्मारक उचलून नेलें. त्याच उद्देशानें नवें स्मारक बॅटरसीच्या बागेंत १९८५ सालीं बसविण्यांत आलें.

या सात वर्षांत बातमी कशी कशी सरकत गेली, इकडे लक्ष द्या. आरंभीं प्रश्न होता: जिवंत प्राण्यावर प्रयोग करतांना त्याला वेदना होऊं नये यासाठीं काय बंधन असावें? खटल्यांत तो प्रश्न एका अध्यापकाच्या अब्रूचा झाला, वर्गणीच्या काळांत दोन पत्रांच्या प्रतिष्ठेचा झाला, आणि शेवटीं तर एका पुतळ्याचा झाला. विद्यार्थ्यांची दंगल, पोलिसांचा पहारा, नगरपालिकेचा खर्च हें सर्व छापण्यास सोपें व वाचण्यास रंजक होतें. विच्छेदनाच्या प्रश्नावर १९०६ सालीं नेमलेलें शाही कमिशन मात्र साक्षीदार तपाशीत बसलें होतें. त्याचा अहवाल १९१२ त आला. पुतळ्याची हकीकत लोक आजहि सांगतात. अहवाल मात्र अभ्यासकांखेरीज कोणी उघडीत नाहीं.

शास्त्राची बाजूहि येथें सांगितली पाहिजे, कारण तींत सत्य आहे. बेलिस व स्टार्लिंग यांनीं १९०२ सालीं स्वादुपिंडाला रस सोडण्याचा इशारा देणारें ‘सिक्रेटिन’ हें द्रव्य शोधून काढलें. ‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ सालीं स्टार्लिंग यांनीं रूढ केला. अनेक रोगांवरील उपचारांचा पाया अशाच संशोधनानें घातला गेला आहे. जो रोगी पुढें वांचतो तो प्रयोगाच्या वेळीं प्रयोगशाळेंत नसतो. म्हणून त्याचें चित्र कुत्र्याच्या चित्राशेजारीं छापलें जात नाहीं. दोन्ही बाजूंचें दुःख खरें असतें, परंतु चित्र एकाचेंच येतें.

तिसरा प्रसंग अमेरिकेंतला, आणि तो तर मुळापासून छायाचित्राचाच आहे. १९६५ च्या उन्हाळ्यांत पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील एका कुटुंबाची पेपर नांवाची डाल्मेशियन कुत्री नाहींशी झाली. जनावरांनीं भरलेली एक मोटार अडविल्याचें चित्र वर्तमानपत्रांत आलें होतें. त्यांत कुटुंबानें आपली कुत्री ओळखली. माग काढीत ते एका व्यापाऱ्याच्या वाड्यापर्यंत गेले, पण त्यांना आंत घेण्यांत आलें नाहीं. न्यूयॉर्कचे प्रतिनिधि जोझेफ रेस्निक यांनीं शब्द टाकला, तोहि व्यर्थ गेला. कुत्री शेवटीं न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयास विकली गेली, आणि हृदयाची गति सांभाळणाऱ्या यंत्राच्या प्रयोगांत मरण पावली. रेस्निक यांनीं प्रतिनिधिगृहांत बिल आणलें.

प्रयोगशाळांतील जनावरांविषयीं बिलें अमेरिकेंत १९६० पासून येत होतीं आणि समित्यांच्या दप्तरांत पडून राहत होतीं. आतां ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकानें १९६५ च्या नोव्हेंबरमध्यें पेपरची हकीकत छापली. १९६६ च्या ४ फेब्रुवारीस ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकानें मेरिलंडमधील एका श्वानविक्रेत्याच्या वाड्यावर पडलेल्या धाडीचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. हाडांचे सांपळे झालेलीं, थंडींत कुडकुडणारीं, माणसाकडे टक लावून पाहणारीं कुत्रीं त्यांत होतीं. पत्रांचा पूर लोटला. त्या वर्षीं व्हिएटनामचें युद्ध पेटलेलें असूनहि कुत्र्यांविषयींचीं पत्रें युद्धाविषयींच्या पत्रांहून अधिक आलीं, असें सांगितलें जातें. २४ ऑगस्ट १९६६ रोजीं प्रेसिडेंट जॉन्सन यांनीं कायद्यावर सही केली. जें सहा वर्षें अडलें होतें तें चित्रांनंतर सात महिन्यांत झालें.

छापील चित्राच्या सामर्थ्याचा यापेक्षां उघड पुरावा शोधावा लागणार नाहीं. पण कायद्यांत काय आलें आणि काय आलें नाहीं, हेंहि तितकेंच पाहण्यासारखें आहे. कुत्रीं, मांजरें, वानरजातीचे प्राणी, ससे, गिनीपिग व हॅमस्टर यांना त्यांत जागा मिळाली. व्यापाऱ्यांनीं परवाने घ्यावेत, जनावरांना ठेवण्याची सोय ठराविक प्रतीची असावी, असे नियम झाले. प्रत्यक्ष प्रयोग चालू असतां काय व्हावें, यांत मात्र त्या कायद्यानें हात घातला नाहीं. चित्र वाड्याचें होतें. कायदाहि वाड्याचाच झाला. आणि प्रयोगशाळांत ज्यांचा उपयोग सर्वांत अधिक होतो ते उंदीर? १९७० सालीं कायद्याची व्याप्ति वाढली, पण लगेच पुढें केलेल्या नियमांनीं उंदीर, घुशी व पक्षी वगळले; २००२ सालीं तर संशोधनासाठीं पैदा केलेले हे प्राणी कायद्याच्या व्याख्येंतूनच काढून टाकण्यांत आले. अन्नासाठीं पाळलेलीं जनावरेंहि बाहेरच राहिलीं. पेपरला नांव होतें, घर होतें, तिच्यासाठीं रडणारीं मुलें होतीं. प्रयोगशाळेंतल्या उंदराला फार तर क्रमांक असतो. वेदना होण्याच्या दृष्टीनें दोघांत कायद्याएवढा फरक आहे, असें कोणी प्रामाणिकपणें म्हणूं शकणार नाहीं.

तर मग नांव नसलेल्या, चेहरा नसलेल्या जनावरांसाठीं छापखाना निरुपयोगीच समजावयाचा काय? तसें नाहीं. १९६४ सालीं रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंनीं ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हें पुस्तक लिहिलें. पिंजऱ्यांच्या चळतींत कोंबलेल्या कोंबड्या, अंधारांत वाढविलेलीं वासरें, हीं कारखान्यांतील यंत्रांप्रमाणें कशीं वागविलीं जातात याचें तें साधार वर्णन होतें. ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिक पत्रानें त्यांतील भाग छापले. एकाहि कोंबडीला तेथें नांव नव्हतें. तरीहि वाचक अस्वस्थ झाले, कारण आपल्या रोजच्या न्याहारीचें अंडें कोठून येतें तें त्यांना प्रथमच कळलें. सरकारनें प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिचा अहवाल १९६५ त आला, १९६८ त कायदा झाला. पण उघड्या तारेच्या त्या पिंजऱ्यांवर युरोपीय संघांत बंदी अंमलांत येण्यास २०१२ साल उजाडलें. चित्रानें पेपरला सात महिन्यांत कायदा मिळवून दिला. समजावून सांगणाऱ्या लेखणीला कोंबडीसाठीं जवळजवळ अर्धें शतक लागलें. मात्र दुसऱ्या मार्गानें मिळालेलें संरक्षण कोट्यवधि जिवांना मिळालें.

बातमीचा भार कधीं कधीं निरपराध माणसांवरहि पडतो. कॅनडाच्या बर्फावर सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लांना सोट्यांनीं मारल्याचीं दृश्यें १९६४ पासून चित्रवाणीवर व वर्तमानपत्रांत येऊं लागलीं. युरोपांत संताप उसळला आणि १९८३ सालीं अशा पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी आली. उत्तर ध्रुवाकडील इन्यूइट लोकांच्या परंपरागत शिकारीला त्या हुकुमांतून सूट होती. पण गिऱ्हाईक हुकूम वाचीत नाहीं. त्याला सीलच्या कातड्याचीच शिसारी आली होती. भाव कोसळले, आणि ज्यांनीं तीं पिल्लें मारलींच नव्हतीं त्या इन्यूइट कुटुंबांचें मिळकतीचें साधन गेलें. चित्रांत ते नव्हते, म्हणून वाचकांच्या मनांतहि ते नव्हते.

आतां आपल्या देशाकडे येऊं. पोलिओची लस तयार करण्यासाठीं ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशी लागत, आणि तीं माकडें भारतांतून जात. १९५५ च्या जानेवारींत अमेरिकेस जाणारीं ३९४ माकडें लंडनच्या विमानतळावर एका बंद मोटारींत गुदमरून मेलीं. हें जर आपल्या एखाद्या आडवळणाच्या स्थानकावर घडतें तर कदाचित् कोणास कळलेंहि नसतें. पण तें लंडनला घडलें, तेथील पत्रांनीं छापलें, आणि ती बातमी दिल्लीस येऊन पोंचली. भारत सरकारनें निर्यात थांबविली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, १२ एप्रिल १९५५ रोजीं, साल्क यांची लस यशस्वी ठरल्याची घोषणा झाली. एकीकडे गुदमरलेलीं माकडें, दुसरीकडे पांगळेपणाच्या भीतींत वाढणारीं मुलें! वैद्यकीय संशोधन व लस यांखेरीज माकडांचा उपयोग होणार नाहीं, त्यांस नीट वागविलें जाईल, अशा अटींवर निर्यात पुन्हां सुरू झाली.

त्या अटी किती पाळल्या जातात, हें वर्षानुवर्षें कोणी विचारलें नाहीं. बातमी विझली होती. मग १९७७ च्या सुमारास अमेरिकेंत लष्करी संशोधनासाठीं माकडांवर किरणोत्सर्गाचे प्रयोग होत असल्याची माहिती प्राणिरक्षक मंडळींनीं उजेडांत आणली. ती आपल्याकडील पत्रांतहि आली. पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या सरकारनें १ एप्रिल १९७८ पासून ही निर्यात कायमची बंद केली. दोन बातम्यांच्या मध्यें बावीस वर्षें गेलीं. त्या बावीस वर्षांत जीं माकडें देशाबाहेर गेलीं त्यांच्यासाठीं करार होता, पण तो कोणी वाचीत नव्हतें. १९५५ च्या संतापाचें हें अपयश मानलें पाहिजे: संतापानें अट लिहून घेतली, पण ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास कोणास बसविलें नाहीं.

याच काळांत बातमीच्या झोतावांचून झालेलें एक कामहि येथें नमूद केलें पाहिजे. १९५२ सालीं राज्यसभेवर आलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध बिल मांडलें. पंतप्रधान नेहरू यांनीं सरकारतर्फेंच कायदा करण्याचें आश्वासन दिलें, आणि १९६० सालीं तो कायदा झाला. १९६२ सालीं त्याखालीं मंडळ नेमलें गेलें व रुक्मिणीदेवीच त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कायद्याबरोबर त्याकडे लक्ष ठेवणारें कायमचें मंडळहि असावें, ही दूरदृष्टि कोणत्याहि एका खळबळजनक चित्रांतून येणारी नव्हती.

शेवटीं पुन्हां मुंबई. २०१५ च्या जूनमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें शहरांत हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या ‘व्हिक्टोरिया’ घोडागाड्या बेकायदा ठरविल्या. त्या बंद करण्यासाठीं न्यायालयानें एक वर्षाची मुदत दिली, आणि त्या धंद्यावर पोट असलेल्या कुटुंबांच्या व घोड्यांच्या पुनर्वसनाचा विचार करण्यास सरकारला सांगितलें. रिचर्ड मार्टिन यांच्या काळीं फेरीवाल्याला दंड झाला कीं बातमी संपत असे. घरीं परत गेल्यावर तो फेरीवाला काय खातो आणि गाढव काय खातें, हें कोणी छापीत नसे. मार्टिन स्वतः गरीब आरोपीचा दंड कधीं कधीं आपल्या खिशांतून भरीत, हें त्यांच्या दयेचें मोठेपण होय. घोड्याबरोबर गाडीवानाचाहि विचार निकालांत यावा, ही गेल्या दोन शतकांतील खरी प्रगति आहे. मात्र निकालाच्या दिवशीं जितकें छापून येतें तितकें पुनर्वसनाच्या प्रत्येक वर्षीं येत नाहीं, आणि घोड्याचें व गाडीवानाचें भवितव्य त्या न छापलेल्या वर्षांतच ठरतें.

श्रोतेहो, या सर्व प्रसंगांवरून वर्तमानपत्रांस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. वृत्तपत्रें नसतीं तर गाढवासाठीं कायदा झाला असता, पेपरच्या मागून आलेल्या कुत्र्यांना आसरा मिळाला असता, किंवा लंडनच्या विमानतळावरील माकडांची वार्ता आपणांस कळली असती, असें म्हणतां येणार नाहीं. त्यांचें काम मोठें आहे. परंतु तें अर्धें आहे. उरलेलें अर्धें वाचणारांचें आहे. आपल्या घरीं सकाळीं पत्र येतें, संध्याकाळीं रेडिओ लागतो, आतां तर हातांतल्या हातांत चित्रें हालतात. एखाद्या जनावराचें चित्र पाहून मन कळवळलें, तर त्या कळवळ्यास आवर घालूं नये. फक्त त्याला पुढें थोडें चालवावें. या चित्रापूर्वीं काय झालें व नंतर काय होणार? या चित्रांत कोणतें जनावर आलेलें नाहीं, आणि कोणता मनुष्य आलेला नाहीं? उद्यां ही बातमी नाहींशी झाल्यावर त्या जागीं लक्ष ठेवण्यास कोण राहणार? एवढें विचारण्याची संवय घरोघर लागली, तर संपादकांनाहि तीं उत्तरें छापावीं लागतील. ज्या जिवाला स्वतः पत्र लिहितां येत नाहीं त्याच्या वतीनें निदान एवढें पत्र आपण लिहूं शकतों.